वर्षभराचं ठरलं होतं, पण

ठाणे, रविवार दुपार

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर हे सांगायला गेले की बाबा "घे, आईशी बोल" म्हणून फोन सरकवतात आणि आई तिसऱ्या वाक्याला "जेवलीस का" वर येते. म्हणून कागद घेतला. आई, जेवले. मऊ भात, तूप आणि तू दिलेलं मेतकूट.

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना छातीत धडधड नको. जुन्या ऑफिसातून परत येतेस का म्हणून विचारणा झाली होती. गेल्या आठवड्यात मी नाही म्हणून कळवलं. वर्षभर करून बघते म्हटलं होतं, ते वर्ष पाडव्याला संपलं, आणि मी सिंथेसायझरची, म्हणजे विजेवर स्वर काढणाऱ्या वाद्याची, मॉड्यूल बनवायचं हे काम पुढेही करणार आहे. निखिलवर राग धरू नका, तो माझ्याआधी तयार होता.

लगेच नानांचं उदाहरण काढू नका. नानांनी घर गहाण टाकलं होतं. मी काहीही गहाण टाकलेलं नाही. हप्ता निखिलच्या पगारातून जातो, माझ्या फंडाला हात लावलेला नाही, मेडिक्लेम चालू आहे. मॉड्यूलची पहिली बॅच संपली, तिच्याच पैशात दुसरीचे बोर्ड आणि पार्ट आले, मॉड्यूलच्या दर्शनी बाजूच्या पट्ट्या वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून कापून मिळतात. नफा म्हणाल तर अजून आईच्या भिशीएवढाही नाही. पण कुणाचं देणं नाही. आणि आईचा गुडघा सुजला तेव्हा मला मिरजेत हवं तितकं राहता आलं, ते कुणापुढे रजेसाठी तोंड वेंगाडावं लागलं नाही म्हणूनच. हेही हिशेबात धरा.

बाबा, "दिवसभर वायरी खुपसत बसतेस म्हणजे नक्की काय करतेस?" हे तुम्ही विचारावं? टेलिफोन एक्स्चेंजच्या मॅन्युअल बोर्डावर तुम्ही दुसरं काय करत होतात? 1964 च्या सुमारास अमेरिकेत बॉब मूग यांनी सुट्या भागांचा सिंथेसायझर बनवला, त्यातला पाव इंची जॅक मुळात टेलिफोनच्या बोर्डावरचाच. माझा त्याहून बारीक, इयरफोनचा असतो तसा, साडेतीन मिलिमीटरचा. एक मॉड्यूल स्वर काढतं, दुसरं त्याचा पोत बदलतं, तिसरं आवाज लहानमोठा करतं, आणि कुणाची वायर कुणाला लावायची ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. 1996 मध्ये जर्मनीतल्या डीटर डोएप्फर यांच्या कंपनीने एक माप घालून दिलं, उंची 128.5 मिलिमीटर आणि सप्लाय अधिक-उणे 12 व्होल्ट. त्या मापाने कुणी कुठेही बनवलेलं मॉड्यूल एकाच खोक्यात बसतं, माझं माजिवड्यात बनलेलंसुद्धा. भाऊकाकांना म्हणावं, वाजवायच्या पट्ट्या नसल्या तरी ते वाद्यच असतं.

आता मी काय वेगळं करते ते. यात स्वराची उंची व्होल्टवर ठरते, एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशेब असतो. नेहमीच्या यंत्रात सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, त्यामुळे शुद्ध गंधार येतो 333 मिलिव्होल्टवर. तुमच्या तानपुऱ्यातून आपोआप उमटतो तो गंधार मोजला तर 322 वर. अकरा मिलिव्होल्ट! मीटरवर काहीच नाही, पण पेटीचा गंधार लागला की तुमच्या कपाळावर जी आठी पडते ती या अकरा मिलिव्होल्टची. माझं पहिलं मॉड्यूल एवढंच करतं, स्वर सारख्या भागांनी नाही, गुणोत्तराने लावतं. उकाड्यात ट्रान्झिस्टर तापले की स्वर सरकतो, त्याचा बंदोबस्त करण्यात मात्र अख्खा मे महिना गेला.

दुसरं आहे जवारीचं, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेत घोडीमुळे येतो त्या झंकाराचं. स्वराची लाट ठरावीक उंचीच्या वर गेली की तिचं टोक आत दुमडायचं, मग साध्या आवाजातून वरचे स्वर फुटायला लागतात. तार घोडीला घासून जाते तेव्हा होतं तंतोतंत तसं नाही, पण कान त्याच जातीचं काहीतरी ऐकतो. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून सतारमेकर गल्लीत न्यायचात ना, तेव्हा चाचा कानशीचे दोन हात मारायचे, तार चढवायचे, तारेखालचं सूत केसभर सरकवायचे, मान हलवायचे आणि तार परत उतरवायचे. मला वाटायचं, किती वेळ हे! तुम्ही लिमलेटची गोळी हातात ठेवायचात आणि म्हणायचात, "मनू, ऐक, आता उघडेल." आता मी रेझिस्टर बदलते, ऐकते, काढते, दुसरा लावते. निखिलला सगळे आवाज सारखेच वाटतात.

आई, धुराची काळजी करू नकोस. पार्ट जोडायला डाग देताना जो धूर निघतो तो शिशाचा नसतो, राळेचा असतो. तरी पंखा खिडकीबाहेर तोंड करून लावलाय आणि हात धुतल्याशिवाय मी चहाचा कपही उचलत नाही.

आणि वर्ष नुसतं वायरींत गेलं असं नाही. इतकी वर्षं ठाण्यात राहून मी पाहिलं काय होतं, तर ऐरोलीच्या बसची मागची काच! यंदा पंडित राम मराठे समारोहाला गेले. गडकरी रंगायतन दुरुस्तीनंतर उघडलं तेव्हापासून रविवारची नाटकं चुकवत नाही, मध्यंतरातल्या बटाटेवड्यासकट. मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी भरली. 1893 पासूनची संस्था घरापासून रिक्षाच्या अंतरावर, आणि मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. पाडव्याला कोपिनेश्वरापासच्या स्वागतयात्रेत ढोल इतक्या जवळून ऐकले की संध्याकाळपर्यंत छाती थरथरत होती. चैन वाटेल तुम्हाला. पण दिवसभर आवाजाचं काम करायचं तर माणसांनी केलेला आवाज कानावर पडायला हवा.

कानावरून आठवलं. बाबा, रागावू नका. दिवाळीत चाचांच्या मुलाने तानपुऱ्याची जवारी नव्याने काढून दिली आणि तुम्ही म्हणालात, "बसलीय, झंकार नाही." मी शेजारीच होते. झंकार होता, बाबा. चांगला भरून होता. वयानुसार आधी कमी होतं ते वरच्या स्वरांचं ऐकू येणं, आणि जवारी म्हणजे सगळी वरच्या स्वरांचीच मजा. तुमच्या कानाला कुणी नाव ठेवत नाहीये. त्याच कानाच्या भरवशावर मी हे काम करते. कानाचं मशीन लागेल की नाही तेही माहीत नाही, लागलंच तर चष्म्यासारखं लावायचं. आधी तपासून तर घेऊ.

बाकीचं नीट वाचा. बीपीची गोळी सकाळचीच, "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. पंखा पुसायला स्टुलावर चढायचं नाही, त्यासाठी माणूस सांगितलाय आणि त्याचे पैसेही दिलेत. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघत बघत कर, पण कर. बाथरूमचा दिवा रात्री चालू राहू दे, बिल मी भरते. बाबांचा साखरेचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, सगळी पानं.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मीने निघतोय. पहाटे स्टेशनवर कुणीही यायचं नाही, रिक्षा करून येऊ. दोन्ही मॉड्यूल आणि छोटा स्पीकर आणतेय, तानपुराही लावून ठेवा. गंधार कुठे खुपतो ते तुम्हीच सांगायचं, निखिलचं मत मी धरत नाही. शनिवारी सकाळी अकराची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ऐकण्याची तपासणी तिथेच होते. बाबा, दाढी करून तयार राहा.

तुमची,
मनू