चिऊ, हप्त्याचा आकडा सगळ्यात शेवटी बघ

प्रिय चिऊ,

काल रात्री तू पाठवलेले मेडिक्लेम पॉलिसींचे तिन्ही स्क्रीनशॉट बघितले, आणि खाली तुझा मेसेज, आई यातली कुठली घेऊ पटकन सांग, पहिली सगळ्यात स्वस्त आहे. फोनवर सांगितलं असतं पण तू सारखी मीटिंगमध्ये असतेस आणि हे दोन मिनिटांत सांगायचं नाहीये, म्हणून टाइप करतेय. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायच्या आधी तू मेडिक्लेमचा विचार केलास याचं मला आणि बाबांना खूप बरं वाटलं. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स नोकरीबरोबरच संपतो गं, नंतर महिनाभर जरी मधे गेला आणि त्यात काही झालं तर सगळं खिशातून. म्हणून नोटीस पिरियड चालू आहे तोवरच नवीन पॉलिसी हातात आली पाहिजे. आणि एचआरला आत्ताच विचारून ठेव की ग्रुप पॉलिसीतून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, तशी सोय असते आणि तिथे काढलेली वर्षं वेटिंगमध्ये, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळात, धरली जातात, पण त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो, नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांनी आठवून उपयोग नाही.

आता तुझे तीन स्क्रीनशॉट. पहिली ६,५०० ची, कव्हर, म्हणजे कंपनी वर्षात जास्तीत जास्त देणार ती रक्कम, ५ लाख. दुसरी ८,९००, कव्हर १० लाख. तिसरी १०,४००, ती पण १० लाख. तू हप्त्याचा कॉलम बघून वरून खाली लावलंयस आणि सगळेच तसं करतात. पण मी मिरजेत बावीस वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसलेय, माझ्यासमोर पॉलिसी घेताना कुणी आलं नाही, सगळे आले ते डिस्चार्जच्या दिवशी. त्या दिवशी हप्ता किती भरला होता हे कुणाच्या लक्षातही नसतं, आता भरायचे किती एवढाच प्रश्न असतो. म्हणून तू पण त्या दिवसापासून उलटं बघत ये.

एक आजी होत्या, पित्ताशयात खडे म्हणून ऑपरेशन झालेलं, मुलगा आणि सून बरोबर. पॉलिसी तीन लाखांची आणि बिल दीड लाख, त्यामुळे मुलगा निश्चिंत. पॉलिसीत रूम रेंट कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. यांनी आजींना शांत झोप लागावी म्हणून ५,००० ची रूम घेतलेली, चार दिवस. मुलाचा हिशोब असा की वरचे रोजचे २,००० आपण भरू, चार दिवसांचे आठ हजार, संपलं. अप्रूव्हल आलं १,०२,५०० चं. तो माझ्याकडे बघायला लागला, म्हणाला मॅडम काहीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं. पॉलिसीत बसणारी रूम घेतलेल्या रूमच्या साठ टक्के, म्हणून सर्जनची फी, ओटी, भूलतज्ज्ञ, नर्सिंग, व्हिजिट हे सगळं मिळून जे ९०,००० होतं त्याचे पण साठ टक्केच मंजूर. तिथे ३६,००० गेले, रूमचे ८,०००, आणि ग्लोव्हज वगैरे सामानाचे ३,५००. एकूण ४७,५००. सून बाहेर जाऊन कुणाकुणाला फोन करत होती आणि आजी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या, रिकामा डबा आणि थर्मास त्यात, जायला तयार होऊन. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

हेच तुझ्या पहिल्या पॉलिसीत आहे. पान अकरा, खालून तिसरी ओळ, रूम रेंट सम इन्शुर्डच्या, म्हणजे कव्हरच्याच, एक टक्का. म्हणजे तुला दिवसाला ५,०००. पुण्यात तू राहतेस त्या वाकड-हिंजवडीच्या बाजूला मोठ्या हॉस्पिटलात सिंगल रूम त्यात बसवणं अवघड आहे. नियमाप्रमाणे आता औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, आयसीयूच्या चार्जला पण नाही, पण डॉक्टरांच्या फीला आणि ओटीला लागते आणि बिलात मोठा आकडा तोच असतो. पहिली आणि तिसरी यांत फरक वर्षाला ३,९०० चा, महिन्याला ३२५. पहिली माझ्या मते बाजूलाच ठेव.

दुसरीत रूमची मर्यादा नाही हे चांगलं आहे, पण मला एक खटकलं, पत्ता मिरजेचा टाकलाय. एजंटने सांगितलं असणार की गावचा पत्ता दिला की हप्ता कमी बसतो. बसतो खरा, कारण कंपन्या शहरांचे झोन करतात आणि पुण्या-मुंबईचा झोन महाग. पण त्याच पीडीएफमध्ये लिहिलंय की खालच्या झोनची पॉलिसी घेऊन वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर २० टक्के को-पे, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आपण भरायचा. तू राहणार पुण्यात, ताप आला तरी पुण्यातच अॅडमिट होणार, चार लाखांचं बिल झालं तर ८०,००० तुझे. शिवाय राहतेस एका गावात आणि फॉर्मवर दुसरं, हे मला मुळातच पटत नाही. पुण्याचा पत्ता टाकून दुसरीचा कोट परत काढ आणि मग तिसरीशी ताडून बघ.

आणि कोट काढताना तारीख बघ, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ इन्शुरन्सवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, कुणी जुना कोट पाठवला असेल तर त्यात तो धरलेला असेल. ८०डीच्या, म्हणजे हप्त्यावरच्या इन्कम टॅक्सच्या, सवलतीसाठी म्हणून काही घेऊ नकोस, तू नव्या टॅक्स रिजीममध्ये आहेस, तिथे ती मिळतच नाही.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. तुझ्या फॉर्ममध्ये थायरॉईड कुठेच नाही.

तू म्हणशील रोज सकाळची एक गोळी, त्यात काय आजार, आणि एजंट पण म्हणाला असेल की एवढ्या तेवढ्यासाठी लिहू नका, उगाच मेडिकल लागेल. चिऊ, तुझ्या मोठ्या मामाचा फॉर्म असाच एकाने भरला होता. बीपीची गोळी चालू होती, त्याने सगळीकडे नाही वर टिक केली आणि मामाने सही केली. तिसऱ्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री कॅज्युअल्टीत नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मामीला विचारलं आधीचं काही आहे का, आणि मामीने जे खरं तेच सांगितलं, सहा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. त्यांनी केस पेपरवर लिहून घेतलं. अँजिओप्लास्टी झाली, मामा बरा झाला, आणि आठवड्याने कंपनीचं पत्र आलं, क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द, कारण केस पेपरवरची ती एक ओळ. सव्वादोन लाख भरायला एफडी मोडली. पैशाचं एक वेळ जाऊ दे, मामी कितीतरी महिने म्हणत होती की मी गप्प बसले असते तर. त्या बाईने काय चूक केली होती गं? डॉक्टरला खरं सांगायलाच पाहिजे. खोटं फॉर्मवर होतं.

थायरॉईड लिहिलंस म्हणून बहुतेक कंपन्या नाही म्हणत नाहीत. फार तर थोडं लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावतील, रिपोर्ट मागतील, आणि आधीच्या आजाराचं वेटिंग लागेल. हे वेटिंग पूर्वी चार वर्षांपर्यंत असायचं, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन. तू आज २७ ची, म्हणजे तिशीला ते संपलेलं पण असेल. आणि ते फक्त त्या आजारापुरतं असतं, डेंग्यूने अॅडमिट झालीस तर थायरॉईडचा काही संबंध नाही. पहिले तीस दिवस मात्र अपघात सोडून काहीच चालत नाही, आणि मुतखडा, हर्निया, गर्भाशयातल्या गाठी अशा ठरावीक गोष्टींना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच धडधाकट असताना घ्यायची.

तुला कुणीतरी असंही सांगेल की पाच वर्षं झाली की कंपनी काही करू शकत नाही. नियम आहे तसा, साठ महिने सलग पॉलिसी चालवली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पूर्वी हे आठ वर्षं होतं. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, आणि मधल्या पाच वर्षांत काही झालं तर काय करणार? फॉर्म तू स्वतः भर. ओटीपी कुणाला देऊ नकोस. भरलेल्या फॉर्मची कॉपी मला पाठव.

बाकी काही बारीक गोष्टी. पाच लाखांची साधी पॉलिसी आणि वर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी दुसरी पॉलिसी, असंही काहीजण करतात, पर्याय वाईट नाही, फक्त सुपर टॉप-अपच बघायचा. एका वर्षात चार-चार लाखांची दोन बिलं झाली आणि टॉप-अप पाच लाखांच्या वरचा असेल, तर साधा टॉप-अप दमडी देणार नाही कारण कुठलंच बिल पाचच्या वर गेलं नाही, सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज करतो आणि वरचे तीन देतो. तिसऱ्या पॉलिसीत रिस्टोरेशन, म्हणजे संपलेलं कव्हर परत भरून मिळणं, आहे म्हणतेस, ते त्याच आजाराला परत मिळतं का हे विचार, काहींत मिळत नाही.

कॅशलेसची, म्हणजे कंपनी बिल परस्पर भरते अशा हॉस्पिटलांची, यादी वेबसाइटवर बघून समाधान मानू नकोस. तुझ्या घराजवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांच्या टीपीए डेस्कला, म्हणजे इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या काउंटरला, फोन कर आणि सरळ विचार, या कंपनीचं कॅशलेस आत्ता चालू आहे का आणि डिस्चार्जला अप्रूव्हल यायला किती वेळ लागतो. डेस्कवरची मुलगी तुला खरं सांगेल, तिला रोज तेच बघायचं असतं. २०२४ च्या नियमाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने उत्तर द्यायचंय, उशीर झाला तर वरचा खर्च कंपनीचा. आमच्या वेळी लोक सकाळी दहाला डिस्चार्ज म्हणून तयार व्हायचे आणि दिवेलागणीला घरी जायचे.

क्लेम सेटलमेंट रेशोची टक्केवारी जाहिरातीत बघून खूश होऊ नकोस. किती क्लेम दिले एवढंच त्यात कळतं, दिलेल्या क्लेममध्ये कापले किती ते कळत नाही, आजींचा क्लेम पण "सेटल" मध्येच मोजला गेला असणार. त्यापेक्षा त्या कंपनीविरुद्ध तक्रारी किती येतात ते बघ. वाद झालाच तर इन्शुरन्स ओम्बड्समनचं, म्हणजे तक्रारी सोडवणाऱ्या लोकपालाचं, ऑफिस पुण्यात आहे, वकील लागत नाही, एवढं लक्षात असू दे.

आणि आम्हाला तुझ्या पॉलिसीत घालायचं डोक्यातून काढ. फ्लोटरचा, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच कव्हर असलेल्या पॉलिसीचा, हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, बाबांच्या वयाने तुझा हप्ता कुठल्या कुठे जाईल. आमची जुनी पॉलिसी चालू आहे, साठच्या पुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आता आयआरडीएआयशी, म्हणजे इन्शुरन्सच्या सरकारी नियामकाशी, आधी बोलावं लागतं, आमचं भागतंय.

माझं मत विचारशील तर तिसरी. पुण्याचा पत्ता, थायरॉईड लिहून, आणि लोडिंग लावून १२,००० झाली तरी तिसरीच. पॉलिसी हातात आली की तीस दिवस असतात, पटली नाही तर परत करता येते, त्या तीस दिवसांत मला पीडीएफ पाठव, मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचते.

तुझी थायरॉईडची फाइल मी कपाटातून काढून ठेवलीय. पहिला रिपोर्ट २०१९ चा आहे, तू बारावीनंतर दोन वर्षांनी फार केस गळतात म्हणून रडत घरी आली होतीस तेव्हाचा. सगळे तारखेने लावलेत, एक मधला सापडत नाहीये, २०२२ चा, तो तुझ्याकडे मेलवर असेल तर शोध. शनिवारी येतेस ना? लॅपटॉप आण, फॉर्म इथेच बसून भरू.

तुझी,
आई