बाळाच्या तापात लघवीही तपासा

महोदय,

जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त आपल्या अंकात डायलिसिसवर लेख आला होता. मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या, सगळे त्यात होते. लहान मुलांबद्दल मात्र एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

मी कराड तालुक्यात ३१ वर्षे अंगणवाडी सेविका होते. तापलेले बाळ कडेवर घेऊन आलेल्या किती आयांना सांगितले असेल, "दात येतायत गं, उतरेल." माझी नात अकरा महिन्यांची असताना तिच्याबाबतीतही तेच म्हटले. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, आणि ताप १०३. दवाखान्यातून अँटिबायोटिकची बाटली आणली, तिसऱ्या दिवशी पोर खेळू लागली. वर्षभरात असे चारदा झाले. चौथ्या खेपेला बालरोगतज्ज्ञांनी विचारले, "लघवी कधी तपासली होती?" मी आणि सूनबाई एकमेकींकडे बघत राहिलो.

औषधाआधी त्यांनी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, लघवी मागितली. चिकटवायची पिशवी नको म्हणाले. कातडीवरचे जंतू तिच्यात उतरतात आणि रिपोर्ट फसवतो. मग धुऊन-पुसून, पाणी पाजत, निर्जंतुक डबी हातात धरून आम्ही दोघी दीड तास बसलो. सुरुवातीची धार सोडून मधली पकडायची, तीही वळवळणाऱ्या पोरीची! ई. कोलाय जंतू निघाले, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. म्हणजे ताप लघवीतल्या जंतुसंसर्गाचा होता.

पुढे सोनोग्राफी झाली आणि एमसीयू. यात बारीक नळीने लघवीच्या पिशवीत औषध भरतात आणि पोर लघवी करत असताना एक्स-रे काढतात. डावीकडे लघवी उलटी किडनीपर्यंत चढत होती. पाचापैकी चौथ्या ग्रेडचा रिफ्लक्स. मुलगा शेती करतो, त्याला डॉक्टरांनी विहिरीवरच्या मोटारीवरून समजावले. किडनीकडून येणारी नळी पिशवीच्या भिंतीतून तिरपी शिरते. पिशवी भरली की ती नळी दाबली जाते, पाणी मागे जाऊ न देणाऱ्या फूटव्हॉल्व्हसारखी. हिची तिरपी वाट जन्मतः आखूड, म्हणजे फूटव्हॉल्व्ह गळका. जंतूंची लघवी वर गेली की किडनीला सूज येते, आणि सूज ओसरताना कधी कधी व्रण मागे राहतो. तेवढा भाग पुन्हा काम करत नाही. पुण्याला डीएमएसए स्कॅन केला (कोणती किडनी किती काम करते ते यात दिसते), तर दोन्ही किडन्यांच्या कामात डावीचा वाटा ३० टक्केच निघाला. थोडे नुकसान जन्मापासूनही असू शकते, असे डॉक्टर म्हणाले. मला बरे वाटावे म्हणूनही म्हणाले असतील.

सौम्य रिफ्लक्स बहुतेक मुलांत वयाबरोबर आपोआप जातो, हिचा गेला नाही. रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस, जोडीला बद्धकोष्ठाचे औषध (तुंबलेले आतडे पिशवीला दाबते, ती पुरती रिकामी होत नाही, हे मला साठीत कळले). तरी ताप येतच राहिला आणि चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. आता ती सात वर्षांची आहे. शाळेत बाईंना मी स्वतः सांगून आले, हिला लघवीसाठी मधल्या सुट्टीची वाट बघायला लावू नका. किडनीवरच्या व्रणाने बीपी वाढू शकते, म्हणून ते मोजत राहायचे. त्यासाठी मात्र दर वेळी कराडला जावे लागते. जवळच्या दवाखान्यात लहान दंडाचा पट्टा नाही आणि मोठ्यांच्या पट्ट्यावर बीपी आहे त्याहून कमी दिसते.

हा दोष घराण्यात असू शकतो, म्हणून धाकट्या भावालाही तपासायला सांगितले. तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, लहानपणी मलाही असाच ताप यायचा, आई दृष्ट काढायची. नातीच्या वेळी सातव्या महिन्यात तिचे बीपी वाढले होते, ते आम्ही पहिलटकरीण म्हणून सोडून दिले होते. सूनबाईची सोनोग्राफी केली. उजवी किडनी आक्रसलेली. वय २९.

माझ्या रजिस्टरात वजन, उंची, लसी, सगळे टापटीप असायचे. कारण न दिसणाऱ्या तापाचे काय करायचे, हे ३१ वर्षांत मला कोणी शिकवले नाही आणि मीही विचारले नाही. सेविका आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात एवढे तरी यावे: दोन वर्षांखालच्या बाळाला असा ताप आला तर अँटिबायोटिकच्या पहिल्या चमच्याआधी लघवी घ्यायची. डबी तासाभरात लॅबला द्यायची, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवायची. आणि नमुना घेतला की डॉक्टरांनी दिलेले औषध लगेच सुरू. कल्चरला दोन दिवस लागतात, तोवर थांबायचे नाही. मुलाची धार बारीक, थेंबथेंब असेल तर तापाचीही वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचे.

डबी औषधांच्या दुकानात मिळते. माझ्या कपाटात आता दोन असतात.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. कराड, जि. सातारा