बेंजोला गोंगाटात मोजू नका

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या सदरात एका वाचकांनी 'डीजे, बेंजो आणि तत्सम गोंगाट' मिरवणुकीतून कायमचा हद्दपार करावा, असं लिहिलं. डीजेबद्दल मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची आहे. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात आमच्या खिडकीच्या काचा रात्रभर थरथरत होत्या. त्यांच्या कानात कापसाचे बोळे मी माझ्या हातानं घातलेत. पण 'तत्सम' हा शब्द मला फार लागला. बेंजो पार्टीत दहा-बारा माणसं जीव ओतून वाजवत असतात, आणि ते ऐकायला आम्ही त्यांच्यामागून करी रोडपासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत जातो. त्यात कसला आनंद असतो, ते एकदा कुणीतरी लिहायला हवं, म्हणून हे पत्र.

माझे वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि त्या वर्षी गणपतीला आमच्या चाळीत वर्गणीच जमेना. बाहेरचं पथक आणणं शक्य नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघा भावांनी कुठून तरी एक जुना बेंजो आणला, ढोलकी चाळीत होतीच, एकानं पत्र्याचा डबा घेतला. मी सतरा वर्षांची होते. मुलींनी रिंगणात उतरायचं नाही, असा तेव्हाचा शिरस्ता, म्हणून आम्ही कठड्याला टेकून वरून ऐकत होतो. गाणं म्हणणारं कुणी नव्हतं. शब्दांवाचून नुसती चाल वाजत होती आणि आठ महिने पगार न पाहिलेली माणसं खाली नाचत होती. माझे वडील नाचले. त्याआधी मी त्यांना नाचताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बॅन्जो नव्हे. तो बुलबुल तरंग. मूळचा जपानी. १९१२ च्या सुमारास नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केलं, त्याचं हे आपल्याकडचं रूप. डाव्या हातानं कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या पत्तीनं तारा छेडायच्या. घरात वाजवलं तर आवाज अगदी नाजूक, माजघरातून स्वयंपाकघरात जेमतेम पोचेल इतका. त्याला आपल्या पोरांनी पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा माइकसारखा तुकडा, लावला, अ‍ॅम्प्लिफायर जोडला, सगळं हातगाडीवर चढवलं आणि कॅसिओचा कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि रोटो हे ड्रमचे प्रकार, ढोलकी, कच्छी ढोल, ताशा यांच्या मधोमध त्याला बसवलं. कोळीवाड्यातली हळद असो की लालबागचं आगमन, चाल बेंजोचीच.

विलायतेत याच गोष्टीला मोठं मानाचं नाव आहे, 'फोक रॉक', म्हणजे लोक-रॉक. हे मला १९८६ साली कळलं. माझा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता. त्यानं तिकडून फेअरपोर्ट कन्व्हेन्शन नावाच्या इंग्लिश बँडची कॅसेट आणली. १९६९ मध्ये या मंडळींनी गावाकडच्या जुन्या चाली इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमवर घेतल्या. डेव्ह स्वारब्रिक फिडल वाजवायचे, म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेलं. कॅसेटमध्ये एका ठिकाणी चार चाली एकात एक गुंफून नुसत्या वाजवल्या होत्या, शब्द नाहीत. पहिली 'जिग', म्हणजे तिकडची नाचाची चाल, सहाच्या लयीतली. मग एका क्षणी लय चारवर उडी घेते आणि फिडल सुसाट सुटतं. त्या उडीपाशी मी टेप मागे घेऊन घेऊन ऐकायची. त्यांचे ड्रमर डेव्ह मॅटॅक्स आधी नाचाच्या हॉलमधल्या बँडात वाजवत असत, हे पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला. पाय नाचवायची सवय असलेल्या हातांचं ते वाजवणं होतं. १९७९ मध्ये त्यांनी बँड बंद करायचं ठरवलं, क्रॉप्रेडी नावाच्या गावाजवळ निरोपाचा कार्यक्रमही केला. पण ऐकणाऱ्यांची मनं भरेनात. मग दरवर्षी भेटायचं ठरलं, आणि त्या भेटीची जत्रा झाली. ऑगस्टात तिथे शेतात तंबू ठोकून माणसं राहतात. मला ते अजिबात परकं वाटत नाही. आमच्याकडे कोकणात शिमग्याला पालखीपुढे खालू बाजा, म्हणजे गावचं ढोल-सनईचं वाजप, लागला की मुंबईहून सुट्टी काढून गेलेली माणसं तशीच रात्र रात्र उभी असतात.

यंदाच्या जुलैत आमच्या गल्लीतल्या पार्टीची तालीम पत्र्याच्या शेडखाली चालू होती. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी तिथेच असते. बेंजोवाला मुलगा चोवीस वर्षांचा, दिवसभर मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो. मी त्याला ती जिग मोबाईलवर ऐकवली. त्यानं एकदा ऐकली, दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकली. म्हणाला, "काकी, हे तर आपलंच वाटतंय. गावचं नाव काय?" इंग्लंड म्हटल्यावर त्याला खरं वाटेना. वर पत्र्यावर पाऊस इतका, की मोबाईल कानाशी धरावा लागत होता. पंधरा-वीस मिनिटांत चाल त्याच्या बोटांत आली. ढोलकीवाल्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्यानं कोळीगीताचा ठेका धरला आणि तो तंतोतंत बसला. बसणारच! जिगची लय सहाची आणि त्या ठेक्याचीही सहाचीच. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, वल्ही मारल्यासारखी. मग चालीच्या शेवटी ताशावाल्यानं उठाव घेतला, सगळे एकदम चारच्या लयीत उतरले, आणि शेडच्या कडेला उभी असलेली पोरं अक्षरशः ओरडली. चाळीस वर्षं ज्या जागी मी टेप मागे घेत होते, ती जागा माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या गल्लीत वाजली. मला रडू आलं. ढोलकीवाल्यानं खुर्ची दिली.

ही कडेला उभी असणारी पोरं हा या वाजवण्याचा अर्धा प्राण आहे. कुणाचा 'हात' कसा आहे, कोण जलद चालीतही सूर स्वच्छ ठेवतो, कुणाचा उठाव ऐकायला पुलापर्यंत जायलाच हवं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मोबाईलवर रेकॉर्ड करतात, पनवेल-उरणच्या मित्रांना पाठवतात, कुठल्या पार्टीनं चाल आधी बसवली यावर भांडतात. संगीतसभेतले जाणकार याहून वेगळं काय करतात?

आगमनाच्या मिरवणुकीत नाक्यावर ती चाल वाजली. वरळीहून आलेल्या कोळणींचा एक घोळका कमरेला पदर खोचून नाचत होता. चाल कुठली, असं कुणीही विचारलं नाही. रात्रीचे दहा वाजायला पाच मिनिटं असताना पार्टीनं स्वतःहून वाजवणं थांबवलं, हेही मी पाहिलं.

म्हणून माझी विनंती आहे. आवाजाचे नियम बेंजोलाही लागू करा, जरूर करा. भोंगे कमी करा. बेंजोला मोठा आवाज लागतच नाही. डीजेशी टक्कर द्यावी लागते म्हणून तो वाढवला जातो. पण आपल्या पानावर शास्त्रीय मैफलीचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, तसं बेंजो पार्टीचंही येऊ द्या. कोणी वाजवलं, काय वाजवलं, कुठे चुकलं, कुठे रंगलं. मिरवणुकीच्या बातमीत मूर्तीची उंची येते, मंडळाचं नाव येतं, रस्ते कधी बंद ते येतं. वाजवणाऱ्या एकाही माणसाचं नाव गेल्या चाळीस वर्षांत माझ्या वाचनात आलेलं नाही. त्या १९८२ च्या दोघा भावांचंही कुठे छापून आलं नाही. त्यातला धाकटा आता नाही.

नवरात्राची तालीम सुरू झाली आहे. कुणी वार्ताहर पाठवणार असाल तर शनिवारी साडेसातनंतर पाठवा, तोवर बेंजोवाला कामावरून आलेला असतो. पाऊस असला तरी तालीम असते.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, करी रोड, मुंबई