पैलवानाचं नाव तरी सांगा

मा. संपादक,

गेल्या रविवारी आपल्याकडे एका वाचकाने लिहिलं होतं की टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती ही शुद्ध फसवणूक आहे. मी लालबागमध्ये ३४ वर्षं टीव्ही दुरुस्त केले, म्हणून माझा अनुभव मांडतो.

निकाल आधी ठरतो, हे खरं आहे. क्रीडा आयोगाची देखरेख नको म्हणून ही कुस्ती भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीत ते कबूल केलं. पण ती कुस्ती पडद्यावर टिकली ती यामुळे नव्हे. अमेरिकेत टीव्ही नवा होता तेव्हा पडदे दहा-बारा इंची होते. बेसबॉलचा चेंडू त्यात दिसायचाही नाही. कुस्तीला मात्र वीस फुटांचा चौक, वरून झगझगीत दिवे आणि दोन धिप्पाड माणसं एवढंच लागायचं. एक-दोन कॅमेऱ्यांत काम भागायचं, खर्च कमी. ड्युमाँट वाहिनीने १९४९ पासून शिकागोच्या मॅरिगोल्ड अरीनातली कुस्ती दर शनिवारी रात्री देशभर दाखवली. सोनेरी कुरळ्या केसांचा, झगा मिरवत येणारा गॉर्जियस जॉर्ज याच काळात घराघरांत पोचला.

माझ्या मते खरी करामत डेनिस जेम्स या निवेदकाची. घरातल्या पुरुषांना डाव समजावून सांगायला गेलो तर त्यांना राग येईल, म्हणून तो प्रत्येक डाव ‘मदर’ला, म्हणजे समोर बसलेल्या आईला समजावायचा. आई पाहू लागली की सगळं घर पाहतं. माझ्या दुकानात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्वदीत केबल आल्यावर शेजारच्या चाळीतल्या एक आजी सेट दुरुस्त होईपर्यंत बाकड्यावर बसून राहायच्या. अंडरटेकर कोण, त्याचं कोणाशी वैर, सगळं त्यांना तोंडपाठ. नातवाकडून शिकल्या होत्या.

१९५५ नंतर मोठ्या वाहिन्यांनी कुस्ती सोडली आणि ती गावोगावच्या स्थानिक केंद्रांवर जगली. मे १९८५ मध्ये एनबीसीने तिला शनिवारी रात्री उशिराची वेळ दिली. ५ फेब्रुवारी १९८८ ला हल्क होगन आणि आंद्रे द जायंट यांची लढत त्याच वाहिनीवर ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली. तीस वर्षं बाहेर राहून इतकी माणसं परत आली, कारण कोण लढतंय आणि का, हे प्रत्येकाला माहीत होतं.

आता आपलं पाहा. १९६८ साली दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ या नामवंत पैलवानाला हरवलं. माझे वडील गिरणीतली पाळी संपवून ती लढत पाहायला गेले आणि पुढचे आठ दिवस घरात तोच विषय होता. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये, म्हणजे आम्हाला ती कुस्ती वडिलांच्या तोंडूनच पाहावी लागली.

आज कॅमेऱ्यांना तोटा नाही. तरीही परवा मी एका वाहिनीवर मातीतली कुस्ती लावली, तर कॅमेरा स्टेजवरच्या पाहुण्यांचे सत्कार दाखवत बसला आणि तेवढ्यात एक जोड चितपट होऊन उठलीसुद्धा. कोणत्या डावावर, कळलं नाही. पैलवान कोणत्या गावचा, वस्ताद कोण, एक अक्षर नाही. जत्रेच्या मैदानात हलगीच्या तालावर बोलणारा निवेदक पैलवानाच्या आज्याचंही नाव सांगतो, ढाक डाव लागला की एकलांगी, हे पापणी लवायच्या आत सांगतो. अशी माणसं आपल्याकडे आहेत.

वाहिन्यांकडे माझं मागणं साधं आहे. कॅमेरा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला, पैलवानाच्या कमरेच्या उंचीवर लावा. सत्कार नंतर दाखवा. जोड लागण्याआधी दोघांचं नाव, गाव आणि तालीम सांगा. मैदानातल्या निवेदकाचा आवाज थेट जोडा. त्याला फक्त एक वायर लागते.

– द. म., लालबाग, मुंबई