अर्धवट राहिलेला प्रश्न

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, समीरची हेपटायटिस सीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे आता आम्ही..." आणि गप्प झालीस. मीही काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. तुझा अर्धा प्रश्न मला पुरता कळला होता: नवरा-बायको म्हणून आता जवळ यायचं की नाही. तोंडाने उत्तर देणं जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे. वाचताना तुला अवघडल्यासारखं होईल. मला लिहिताना त्याहून जास्त होतं आहे.

आधी तुला कधीच न सांगितलेलं सांगते. तू शाळेत असताना बाबा आणि मी वेगळ्या खोल्यांत झोपायला लागलो. बाबा घोरतात म्हणून, असं तुला सांगितलं होतं. खरं कारण हाच आजार, विषाणूमुळे होणारा यकृताचा.

१९८६ मध्ये, आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी, बाबांना अपघात झाला आणि रक्त चढवावं लागलं. हा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ मध्ये, तेव्हा त्या रक्तात तो शोधणार कोण? २००४ मध्ये ते हौसेने रक्तदानाला गेले आणि काही दिवसांनी बोलावणं आलं. डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "जरा जपून राहा." जपून म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायची लाज वाटली.

मग जपण्याचा अर्थ आम्हीच लावला. त्यांचा कप वेगळा, टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं. नेलकटर मात्र अख्ख्या घराचा एकच! त्यांचा दाढीचा रेझरही मी एकदोनदा वापरला असेन. हा आजार रक्तातून रक्तात जातो. एकत्र खाण्याने, मिठी मारण्याने, मुका घेण्याने, खोकल्याने तो जात नाही. ज्यावर रक्ताचा सूक्ष्म अंश असू शकतो त्या वस्तू आम्ही खुशाल वाटून घेत होतो आणि कप उकळत बसलो होतो.

हे दहा वर्षं चाललं. मला वाटायचं, यांना आता मी नकोशी झाले. त्यांना वाटायचं, मला त्यांची किळस येते. दोघांनीही हे एकमेकांना विचारलं नाही. या पत्रात सगळ्यात कठीण वाक्य हेच होतं, ते लिहून झालं.

२०१४ मध्ये बाबांना घेऊन एका दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी मला विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी झाली?" कधीच नाही. दहा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरा प्रश्न, "एकत्र झोपता का?" मी मान हलवून नाही म्हटलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे लग्नानंतरची सोळा वर्षं, काही माहीत नसताना, कसलीही काळजी न घेता आम्ही नवरा-बायको म्हणून राहिलो आणि मला काही झालं नाही. मग भीती कळल्यावर दहा वर्षं वाया घालवली.

बाईंनी तेव्हा एका अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतला. दोघांपैकी एकाला हेपटायटिस सी आहे आणि दोघंही एकमेकांशीच एकनिष्ठ आहेत, अशा ५०० स्त्री-पुरुष जोडप्यांचा. त्यांतल्या फक्त तीन जोडप्यांत दोघांचे विषाणू इतके सारखे निघाले, की एकाकडून दुसऱ्याला गेला असावा असं म्हणता आलं. हिशेब मांडला तर शारीरिक संबंध जवळपास १ लाख ९० हजार वेळा यावा तेव्हा एकदा लागण, तीही जास्तीत जास्त धरून. म्हणूनच अशा जोडप्यांना कंडोम वापरलाच पाहिजे असं सहसा सांगत नाहीत. वापरून मन शांत राहणार असेल तर जरूर वापरा.

शून्य मात्र नाही हं. जिथे रक्ताचा संबंध येतो तिथे धोका वाढतो. तुझी पाळी चालू असताना, कुणाला तिथे जखम किंवा फोड असताना थांबा, नाहीतर कंडोम वापरा. गुदमैथुनात नाजूक त्वचा फाटू शकते, तिथेही तेच. (हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. फोनवर यावर चर्चा नको.) एचआयव्ही किंवा दुसरा लैंगिक आजार सोबत असेल, किंवा जोडीदार एकापेक्षा जास्त असतील, तर वरचा हिशेब लागू पडत नाही.

तुझी तपासणी याच आठवड्यात करून घे. नेलकटर, रेझर, टूथब्रश आजपासून वेगळे. कप एकच राहू दे.

समीरला हे कुठून आलं, असं मनात येत असेल. येतंच. पण या आजारावरून माणसाच्या चारित्र्याचा निवाडा करू नकोस. जुनं रक्त, नीट न उकळलेली सुई, गोंदवण्याची सुई, दाताच्या उपचारातलं अस्वच्छ हत्यार, काहीही असू शकतं, आणि वर्षानुवर्षं एकही लक्षण दिसत नाही. डॉक्टर विचारतील ते त्याने सांगावं. तू उलटतपासणी घेऊ नकोस.

आणि तुमचा काळ आमच्यासारखा नाही. बाबांनी आधी इंजेक्शनं घेतली होती. ताप, चिडचिड, उदासी, शेवटी अर्ध्यावर सोडली. २०१६ मध्ये गोळ्या घेतल्या, बारा आठवडे, रोज एक. आता बहुतेकांना आठ किंवा बारा आठवडे लागतात आणि शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणूची तपासणी होते. ती निगेटिव्ह आली की झालं. अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या घटकांची तपासणी मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, ते पाहून दचकू नका. बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, या आजाराची लस नाही. हेपटायटिस बीची आहे. उपचाराआधी समीरची बीचीही तपासणी व्हायला हवी, कारण या गोळ्यांनी दबलेला बी कधीकधी डोकं वर काढतो.

बाळाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. जन्माच्या वेळी बाळाला होतो तो आईकडून, तोही शंभरात साधारण पाच-सहा जणांना. तुझा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर ती काळजी नाही. फक्त समीरच्या औषधांत रिबाव्हिरिन आहे का, हे डॉक्टरांना विचार. ते असेल तर उपचार चालू असताना आणि नंतर काही महिने दिवस राहू द्यायचे नसतात.

बाबा विचारताहेत, समीरला फोन करू का म्हणून. मी म्हटलं, करा. जावयाशी हे बोलायची त्यांना फार धास्ती वाटते आहे, तेव्हा समीरला सांग, पहिली पाच मिनिटं क्रिकेटवर काढू दे.

घोरण्याचं मात्र मी खोटं बोलले नव्हते. ते अजूनही घोरतात. मी शेजारीच झोपते, म्हणून सांगते.

तुझी,
आई