रौप्य हुकलं नाही हो, ते मिळणारच नव्हतं

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात आमच्या भाच्याची बातमी वाचली, 'कोल्हापूरच्या नौकापटूचे रौप्य हुकले', आणि हातातला चहा गार झाला. बातमी छापली त्याबद्दल आधी आभार, नाहीतर म्हणाल मामाला कशाचंच कौतुक नाही. पण हुकायला ते आधी टप्प्यात तरी यायला पाहिजे ना? आणि खाली 'दोनशेहून अधिक गुणांची कमाई करूनही पदकापासून दूर' हे ज्यांनी लिहिलंय त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. शिडाच्या शर्यतीत पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, चाळिसाव्याला ४०, आणि शेवटी ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला. कमाई कसली, कर्ज आहे ते.

आता रौप्याचं. बोटी लै असल्या की सगळ्यांना एका लाइनीवरनं सोडता येत नाही, म्हणून पहिले काही दिवस गटागटानं शर्यती होतात, मग वरचे गोल्ड फ्लीटमध्ये आणि खालचे सिल्व्हर फ्लीटमध्ये. सिल्व्हरमधला पहिला आला तरी तो गोल्डमधल्या शेवटच्याच्या मागंच. हे मला आज माहीत आहे. त्या रात्री माहीत नव्हतं. पोराचा युरोपातनं मेसेज आला, 'मामा, सिल्व्हर फ्लीटमध्ये गेलो', आणि खरं सांगायचं तर तो जसाच्या तसा गल्लीच्या ग्रुपवर टाकणारा मीच. फ्लीट कळलं नाही, सिल्व्हर तेवढं कळलं. रात्री साडेदहाला टाकला आणि सकाळी बाहेर पडतोय तर चौकात दहा बाय पंधराचा फ्लेक्स उभा! 'रौप्यवीर, जगात भारी.' पोराचा फोटो बारका, शुभेच्छुकांचे मोठे, त्यातले निम्मे गॉगल लावलेले, आणि मागं समुद्रात कुठलं तरी पाच मजली जहाज. त्याची बोट चौदा फुटी आहे हो, एक माणूस, एक शीड, संपलं.

मी उत्साहानं फोन लावला, अभिनंदन म्हटलं. पलीकडनं काहीच नाही. मग म्हणतोय, 'मामा, खालच्या गटात पडलो म्हणून सांगत होतो.'

माझी चूक, कबूल. पण पुढचं जे झालं ते माझ्या चुकीत बसत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांना जाऊन मीच खुलासा केला, तर संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरला, सांगितलेले फेटे रद्द, हॉलचा ॲडव्हान्स परत मागायला माणूस गेला, आणि ग्रुपवर कुणी तरी टाकलं, 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी'. (हे वाचून पोरगाच सगळ्यात जास्त हसला, ते सोडा.) पण जो माणूस भारतातनं जाऊन तिथं उतरला, एवढ्या बोटींत झगडला, त्याला घरी आल्यावर कुणी साधा नारळ दिला नाही. स्टँडवर मी आणि माझी स्कूटर, एवढंच. आणि गेल्या आठवड्यात पावसात एका ओळखीच्या गोठ्यावर गेलो तर वर छपराला तोच फ्लेक्स, उलटा, आणि पोराच्या तोंडावरनं पागोळ्या म्हशीच्या पाठीवर. म्हशीला बरं झालं म्हणायचं.

निराशाजनक कामगिरी असं आपल्या वार्ताहरांनी लिहिलंय. निराशा झालीच आहे, आम्ही कुठं नाही म्हणतोय? पण कशानं झाली ते विचारायला एक फोन तरी करायचा. काळा झेंडा लावला की सुरुवातीच्या आधीच्या शेवटच्या मिनिटात बोटीचं नाक जरी लाइनीच्या पुढं दिसलं तरी त्या शर्यतीतनं बाद, मागं फिरून परत सुटायची सोय नाही. ह्याला दोनदा लागलं. सगळ्यात वाईट एक शर्यत हिशेबातनं काढतात, त्यामुळं एक पुसली गेली, दुसरी छातीवर बसली. दुसऱ्यांदा का घाई केलीस विचारलं तर म्हणतो पहिल्यांदाची भरून काढायची होती. आता ह्यावर मामानं काय बोलायचं.

दुसरं कारण वजन. त्याचा क्लास, म्हणजे बोटीचा प्रकार, आयएलसीए ७, शीड सात चौरस मीटरचं, आणि वारा वाढला की बोटीतल्या पट्ट्यात पाय अडकवून सगळं अंग बाहेर पाण्यावर झोकून द्यायचं, तर बोट सपाट राहते. घरच्या दिवाणाला पाय अडकवून त्यानं मला दाखवलं. मी पण करून बघितलं, दहा सेकंदात पाठ धरली, दोन दिवस बाम. तो हे तासभर करतो. ह्याला ऐंशीच्या वर वजन लागतं आणि हा चौऱ्याहत्तर किलो. म्हणून सुट्टीला आल्यापास्नं रोज गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातोय, म्हैस समोर पिळायची आणि फेसासकट ग्लास तोंडाला, पैलवानांच्या शेजारी उभा राहून. तिथंच त्यानं पुढचं सांगितलं. आर्मीत आहे, दोन वर्षं मागून घेतलीत, ट्रेनिंग मुंबईला. नाही जमलं तर परत युनिटला. डोळ्यासमोर २०२८ चं लॉस एंजेलिस, पण ऑलिंपिकला एका क्लासमध्ये एका देशाची एकच बोट जाते, म्हणजे आधी घरचेच सगळे मागं टाकायचे. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला आपला विष्णू सरवणन ह्याच क्लासमध्ये १८ वा आला आणि शिडाच्या बोटीत भारताला ऑलिंपिक पदक आजवर एकही नाही, हे तुमच्या बातमीत एका ओळीत बसलं असतं की नाही? जागा नव्हती म्हणावं तर शेजारी वाढदिवसाच्या चार जाहिराती आहेत.

आणि खाशाबा जाधवांचं दर वर्षी छापता, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ, सगळं पाठ आहे आम्हाला. १९४८ ला लंडनला ते सहावे आले होते. तेव्हा आपला पेपर असता तर काय हेडिंग केलं असतं, ब्राँझ हुकलं?

असो. दुरुस्ती छापाल ही अपेक्षा, तेवढ्याच आकाराची, बारक्या अक्षरात नको. फोटो पाहिजे असेल तर माझ्याकडं शिडाच्या बोटीतला आहे, आपण छापलेल्या फोटोत वल्ही दिसत होती, त्याच्या बोटीला वल्ही नसतात.

आणि जाता जाता, रविवारची पुरवणी तीन आठवडे झाले आमच्याकडं येत नाही. पोरगा म्हणतो वितरण पण सिल्व्हर फ्लीटमध्ये गेलं असेल. बिल मात्र पूर्ण महिन्याचं आलंय, ते मी अजून भरलेलं नाही.

आपला,
एक मामा (आणि बावीस वर्षांचा वर्गणीदार)
शुक्रवार पेठ, कोल्हापूर