इटालियन मांडणीचे खांब कापू नका

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत इटालियन वास्तुविशारद फ्रँको अल्बिनी यांच्या 'एलबी ७' या पुस्तकांच्या मांडणीचा फोटो होता. खाली 'भिंतीवर ठोकलेली मांडणी' असे छापले आहे. ती भिंतीवर ठोकत नाहीत. इटलीतल्या पाव्हिया शहराच्या पोज्जी कारखान्याची, १९५६-५७ सालची ही मांडणी जमीन आणि छत यांच्यात आवळून उभी राहते. खांबाच्या टोकाचा स्क्रू फिरवला की खांब ताठ बसतो. फळ्या आणि कपाटे त्याच्याच आधारावर.

आपल्या फ्लॅटांत गडबड होते ती इथे. पीओपीचे फॉल्स सीलिंग म्हणजे छत नव्हे. त्याला टेकवून स्क्रू आवळला की आधी बारीक भेग, मग खड्डा, आणि ढिला झालेला खांब भरल्या फळ्यांसकट पुढे झुकतो. मीटरभर फळीवर २० ते ३० किलो पुस्तके सहज बसतात, हे ध्यानात घ्या. पीओपीला भोक पाडून टेका थेट स्लॅबलाच द्यावा. अंतर उरले तर मध्ये सागाचा ठोकळा, स्लॅबकडच्या बाजूला रबराची चकती. खांब समोरून आणि बाजूने ओळंब्यात घेऊन मगच आवळावा. आठवड्याने पुन्हा बघावा. विकत घेण्याआधी प्रत्येक खांबाच्या जागी उंची वेगळी मोजावी, कारण स्लॅब कुठेच एकसारखी नसते. खांब लांब पडला म्हणून सरळ करवत लावणारे सुतार आहेत. त्यांना तेवढे करू देऊ नका.

पॉलिशचाही असाच घोळ. वरचे विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, जेमतेम मिलिमीटरभर, कधी त्याहून पातळ. मशीनने घासले की कडेला आतले फिकट लाकूड उघडे पडते, आणि त्याला इलाज नाही. आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा टेकवावा: चिकट झाले तर लाखेचे पॉलिश, ते हाताने पुन्हा चढवता येते. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने विरघळले, तर लॅकर. पावसाळ्यात विनियर फुगले तर रेषेच्या दिशेने ब्लेडने चीर द्यावी, सुईने गोंद सोडावा, वर मेणकागद ठेवून २४ तास वजन.

आणि अशी जुनी मांडणी परदेशातून मागवताना लागणारी कागदपत्रे. ब्राझिली शिसवी १९९२ पासून 'साइट्स'च्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या (सर्वांत कडक) परिशिष्टात आहे. आपली शिसवी ती नव्हे. परवान्याविना असा माल बंदरातच अडकतो, तेव्हा लाकूड कोणते हे विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधी लिहून घ्यावे.

— जुन्या लाकूडकामाची डागडुजी करणारे कारागीर, पुणे